भिंतीपलीकडची किल्ली

गेल्या वर्षी आमच्या गाडीच्या किल्लीतला सेल पाच महिन्यांत दोनदा संपला. दुसऱ्या खेपेला रात्रीचे साडेदहा वाजले होते आणि पाऊस कोसळत होता. पाहुण्यांना स्टेशनवर सोडून मी परत निघालो होतो. दाराची मूठ दाबत राहिलो, गाडी ढिम्म. रुपयाएवढ्या चकतीने मला भर पावसात अर्धा तास उभं केलं.

आमच्या घरात हा विषय निघाला की दोन माणसं बोलतात आणि मी ऐकतो. एक माझी धाकटी बहीण. तिने वीस वर्षं पाण्याच्या आणि गॅसच्या मीटरांसाठी सॉफ्टवेअर लिहिलं. अशा मीटरात सेल एकदाच घालतात आणि तो दहा वर्षं पुरला पाहिजे अशी अट असते. दुसरा माझा मुलगा. तो बिनचावीच्या कुलपांसाठी रेडिओलहरींनी अंतर मोजतो. कुठे वीतभर अंतर चुकलं तर त्याला झोप लागत नाही, आणि कुठे मायक्रोअँप वाया गेला तर त्याच्या आत्याला. मी आयुष्यभर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं, म्हणून हिशेबाची वही माझ्याकडे. एका रविवारी पोह्यांपासून दुपारच्या जेवणापर्यंत त्यांचं जे बोलणं झालं, ते आठवतं तसं लिहितो.

आत्या : दादा, किल्ली टांगतोस कुठे?

मी दाराजवळची खुंटी दाखवली.

आत्या : आणि भिंतीच्या पलीकडे काय?

पलीकडे पोर्च. खुंटीपासून गाडीचं दार दीड मीटरवर.

आत्या : मग सेल टिकेल कसा? काही गाड्या मुठीला हात लागल्यावरच किल्लीला हाक मारतात. तुझी गाडी मालक जवळ आला की दिवे लावते. म्हणजे ती सारखी हाका मारत असणार. साधारण १२५ किलोहर्ट्झची हाक असते ती, आणि इतक्या कमी वारंवारितेचं चुंबकीय क्षेत्र विटांच्या भिंतीला जुमानत नाही. झोपेत किल्ली काही मायक्रोअँपवर भागवते. उत्तर द्यायला उठली की दहा-पंधरा मिलिअँप. तुम्ही सगळे झोपता आणि ती बिचारी रात्रभर उत्तरं देत बसते.

भाचा : सेलचं सोड, आत्या. त्या खुंटीमुळे गाडीच जायची एखाद दिवशी. गाडीची हाक दीड-दोन मीटरच पोचते, म्हणून जिला ती ऐकू आली ती किल्ली जवळच आहे, असं गाडी समजते. ऐकू आलं म्हणजे जवळ आहे, या एका समजुतीवर सगळं कुलूप उभं आहे.

आत्या : त्यात चूक काय? कुजबुज ऐकू येते म्हणजे माणूस शेजारीच असणार.

भाचा : मधे कुणी निरोप्या नसेल तर. २०११ साली झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात फ्रांसियों, दानेव आणि चापकुन या तिघांनी आठ कंपन्यांची दहा मॉडेलं तपासली. एक अँटेना गाडीपाशी, दुसरा किल्लीपाशी, मधे तार किंवा रेडिओ. गाडीची कुजबुज इथे उचलायची आणि तिथे किल्लीच्या कानात सांगायची. दहाच्या दहा गाड्या फसल्या. संकेत फोडला नाही, गुपित चोरलं नाही. किल्लीने खरं उत्तर दिलं आणि गाडीने ते खरं मानलं.

मी म्हटलं, हे बुद्धिबळातल्या कोड्यासारखं झालं. जॉन कॉनवे या गणितज्ञाने १९७६ च्या सुमारास ते मांडलं होतं. एक लहान मुलगी दोन ग्रँडमास्टरांशी टपालाने एकाच वेळी खेळते, एकाशी पांढऱ्या सोंगट्यांनी आणि दुसऱ्याशी काळ्या. याची चाल त्याला पाठवायची, त्याची याला. तिला खेळता येण्याची गरजच नाही. दोन्ही ग्रँडमास्टर खरं तर एकमेकांशी खेळतायत, आणि समोर मुलगी आहे असं दोघांनाही वाटतंय.

भाचा : अगदी तेच, बाबा. म्हणून संकेत कितीही अवघड केला तरी उपयोग नाही. गाडीने विचारायला हवं, ‘तू किती लांब आहेस?’ आणि ती विचारते, ‘मी ऐकू येते का?’

आत्या : फोन किल्लीचं काम करतो तिथे तरी अंतर कळत असेल? ब्लूटूथमध्ये सिग्नलचा जोर मोजता येतो. जोर कमी झाला की लांब गेला.

भाचा : मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की जोर सहा डेसिबलने उतरतो, हे पुस्तकात ठीक आहे. आपल्या सोसायटीच्या तळघरातलं पार्किंग आठव. काँक्रीटचे खांब, दोन्ही बाजूंना पत्र्याच्या गाड्या, डोक्यावर पाण्याचे नळ. ब्लूटूथची लहर साडेबारा सेंटीमीटरची. सरळ आलेली लहर आणि खांबावरून उसळून आलेली लहर एकमेकींत मिसळतात. कुठे भर पडते, कुठे दोघी एकमेकींना मारतात. फोन चार बोटं सरकवला की जोर दहापट बदलतो. त्यातून फोन मागच्या खिशात असला तर मधे आपलं शरीर, म्हणजे पाण्याची गोणीच. मग दोन मीटर आणि आठ मीटर सारखेच दिसायला लागतात. आणि जोर काय, चोराला अँप्लिफायर लावून हवा तेवढा वाढवता येतो. मे २०२२ मध्ये एनसीसी ग्रुपच्या संशोधकांनी टेस्ला मॉडेल ३ वर असंच करून दाखवलं. ब्लूटूथचे संदेश जसेच्या तसे पुढे पाठवले. उशीर झाला तो काही मिलिसेकंदांचा, आणि तेवढा उशीर त्या यंत्रणेत रोजचाच असतो.

आत्या : मग चोराला काय वाढवता येत नाही?

भाचा : प्रकाशाचा वेग. एका नॅनोसेकंदात रेडिओलहर ३० सेंटीमीटर जाते. गाडीने प्रश्न टाकायचा, किल्लीने ठरलेल्या वेळाने उत्तर द्यायचं, गाडीने येण्याजाण्याचा वेळ मोजायचा. निरोप्या मधे आला की वेळ वाढतो. तो निरोप मोठ्याने सांगू शकतो, लवकर पोचवू शकत नाही. ब्रँड्स आणि चॉम यांनी १९९३ मध्येच हे कागदावर मांडलं होतं. कागदावरून किल्लीत उतरायला पाव शतक लागलं, कारण नॅनोसेकंद मोजणारा रेडिओ खिशात मावत नव्हता. आता अल्ट्रा-वाइडबँड आहे. ५०० मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा, दोन नॅनोसेकंदांचे ठोके. ठोका इतका आखूड की सरळ आलेली लहर आणि खांबावरून उसळलेली लहर वेगवेगळ्या दिसतात. पहिली कोण आली तेवढं ओळखायचं. दहा सेंटीमीटरपर्यंत अंतर कळतं. फोनमध्ये हे २०१९ पासून येऊ लागलं, ठोक्यांची सुरक्षित मांडणी २०२० च्या मानकात बसली, गाड्यांच्या डिजिटल किल्लीच्या तिसऱ्या आवृत्तीत २०२१ मध्ये आलं.

इथपर्यंत त्याचा आवाज चढत गेला होता. बहिणीने पोह्यांची बशी बाजूला सारली.

आत्या : हा तुझा रेडिओ ऐकताना किती करंट घेतो?

भाचा : चिपवर आहे. पन्नास मिलिअँप धर.

आत्या : दादाच्या किल्लीतल्या सेलवर सीआर २०३२ लिहिलंय. २२० मिलिअँप-तास. चार तास चोवीस मिनिटं चालेल तुझी किल्ली. सकाळी कामाला निघालास की जेवणाच्या सुट्टीच्या आत खलास. तेही कागदावर. प्रत्यक्षात हा सेल इतका करंट एकदम देऊच शकत नाही. त्याच्या पोटात दहा-वीस ओहमचा रोध असतो. पंधरा धर. पन्नास मिलिअँप ओढलेस की तीनातले पाऊण व्होल्ट तिथेच गळतात. सेल म्हातारा झाला, महाबळेश्वरला थंडीत गेला, की रोध आणखी वाढतो आणि चिप भर मोजणीत बंद पडते. तुम्ही अंतर मोजणारी मुलं सेलला नळ समजता. तो नळ नाही, दुष्काळात टँकरने आणून भरलेलं पिंप आहे.

भाचा : पण सतत कोण ऐकतंय? एक मोजणी म्हणजे दोन-तीन संदेश. रेडिओ तीन मिलिसेकंद चालू.

आत्या : ते सांग दादाला. लिहू दे त्याला.

मी वर्तमानपत्राच्या समासात हिशेब मांडला. पन्नास मिलिअँप, तीन मिलिसेकंद : एका मोजणीला ०.०००१५ कूलोम. सेलमध्ये २२० मिलिअँप-तास म्हणजे ७९२ कूलोम. माणूस दिवसातून दहा वेळा गाडीजवळ जातो, दर वेळी दहा सेकंद, सेकंदाला दहा मोजण्या. दिवसाच्या हजार मोजण्या, ०.१५ कूलोम. भागाकार केला तर ५,२८० दिवस. चौदा वर्षांहून जास्त.

आकडा पाहून बहीण गप्प झाली. ती गप्प होते तेव्हा हरलेली नसते, पुढचा आकडा शोधत असते.

आत्या : बरं. आणि मोजणी कधी सुरू करायची हे किल्लीला कोण सांगतं?

भाचा : ब्लूटूथ. तो मधूनमधून जागा होऊन गाडी आसपास आहे का ते बघतो.

आत्या : सरासरी किती?

भाचा : नीट बसवला तर दहा मायक्रोअँप.

आत्या : दिवसाचे ८६,४०० सेकंद. लिही दादा.

दहा मायक्रोअँप दिवसभर : ०.८६ कूलोम. हजार वेळा दहा सेंटीमीटरपर्यंत अचूक मोजायला ०.१५, आणि काहीही न मोजता नुसतं ताटकळायला ०.८६. जवळजवळ पावणेसहापट. मी तो आकडा दोनदा तपासला. किल्लीतला सेल मोजण्याने मरत नाही, वाट पाहण्याने मरतो. माझी खुंटीवरची किल्ली त्याचंच टोकाचं उदाहरण होती.

भाचा : म्हणजे मी जिंकलो. मोजणी स्वस्त आहे.

आत्या : नाही बाळा. म्हणजे आपण दोघं चुकीच्या जागी भांडत होतो. तू मोजणी अचूक करत बसलायस आणि मी तिचा करंट कापत बसलेय. पैसे जातायत ते दारात उभं राहण्यात. मला सांग, किल्ली रात्रभर खुंटीवर आहे, हललेली नाही. मग तिने वाट तरी का पाहावी?

भाचा : किल्लीत गती ओळखणारी चिप घालायची. ती एक-दोन मायक्रोअँपवर चालते. किल्ली मिनिटभर हलली नाही की बाकीचं सगळं बंद. काही कंपन्यांच्या किल्ल्यांत हे आलंय.

आत्या : आणि त्या झोपलेल्या किल्लीपुढे तुझा निरोप्या येऊन उभा राहिला तर?

भाचा : तर त्याला उत्तर मिळणार नाही... खरंच की. झोपलेल्या किल्लीचा निरोप पळवता येत नाही. किल्ली घरात खुंटीवर असतानाच तर अशा चोऱ्या होतात.

आत्या : सेल वाचवायला झोपवली आणि चोरी टळली. आमच्या मीटरांच्या धंद्यात असा फुकटचा लाभ फार क्वचित मिळतो.

मला त्या दिवशीच्या बोलण्यातली ही सर्वांत मोलाची जागा वाटते. एकाला सुरक्षितता हवी होती, दुसरीला काटकसर, आणि दोघांना एकाच चिपने उत्तर दिलं. तिथून पुढे त्यांच्या बोलण्याचा सूर बदलला. भांडण थांबलं असं मात्र नाही.

भाचा : पण चालणाऱ्या माणसाच्या खिशात किल्ली दिवसभर हलत राहते. तिथे वाट पाहावीच लागेल.

आत्या : वाट पाहायचीही रीत असते. एसटीची वेळ ठाऊक असेल तर माणूस पाच मिनिटं आधी स्टँडवर जातो, सकाळपासून जाऊन बसत नाही. गाडीने आणि किल्लीने पुढच्या भेटीची वेळ ठरवून घ्यायची. दर सेकंदाला भेटायचं. दोघांच्या घड्याळांत दहा लाखात वीस भागांचा फरक असेल, तर सेकंदाने वीस मायक्रोसेकंदांची चूक होते. तेवढंच आधी उठायचं. घड्याळ जितकं चांगलं तितकी झोप जास्त.

भाचा : आत्या, तेच वीस भाग माझ्या उरावर बसलेले असतात! गाडीने प्रश्न टाकला, किल्लीने एक मिलिसेकंद थांबून उत्तर दिलं. पण तो मिलिसेकंद तिने तिच्या घड्याळाने मोजला. वीस भागांचा फरक म्हणजे वीस नॅनोसेकंद, जाण्यायेण्यात वाटले तर दहा. दहा नॅनोसेकंद म्हणजे तीन मीटर! तीन मीटरच्या चुकीत माणूस गाडीत बसलाय की समोरच्या टपरीवर चहा पितोय हेही कळत नाही. म्हणून तीन संदेशांची पद्धत वापरतो, दोन्हीकडून मोजतो, चूक एकमेकींत जिरवतो.

आत्या : मग तुला प्रत्येक मोजणीत घड्याळांतला फरकही कळतो की नाही?

भाचा : कळतो. वाहक लहरीवरूनही कळतो. अंतरातून वजा करतो आणि टाकून देतो.

आत्या : टाकून देतोस? तोच मला दे. मी त्यावरून किल्लीची झोप लावते. झोपेतलं घड्याळ ३२,७६८ हर्ट्झच्या स्फटिकावर चालतं, मनगटी घड्याळात असतो तोच. दोनाचा पंधरावा घात. पंधरा वेळा निम्मं केलं की एक सेकंद. तो २५ अंशांना सर्वांत खरा असतो, तिथून लांब गेलास की मागे पडतो, आणि मागे पडणं तापमानाच्या फरकाच्या वर्गाने वाढतं. अकोल्यात मे महिन्यात उन्हात उभी केलेली गाडी आतून ५५ अंशांच्या वर सहज जाते. तीस अंशांचा फरक, वर्ग नऊशे, गुणिले ०.०३५. दहा लाखात एकतीस-बत्तीस भाग. किल्ली मात्र खिशात गार. युरोपात बसून मांडलेलं वेळापत्रक अकोल्याला चुकतं ते असं. तुझ्या मोजणीतला हा फेकून दिलेला आकडा दर भेटीला मिळाला, तर मला उन्हाचं भय नाही.

मुलाने हे फोनवर टिपून घेतलं. त्याच्या कामातलं काही आत्याकडून टिपून घेताना मी त्याला पहिल्यांदा पाहिलं.

भाचा : आता माझी अडचण ऐक. शरीर. किल्ली मागच्या खिशात आणि माणूस गाडीकडे तोंड करून. सरळ लहर शरीरात विरते, भिंतीवरून उसळलेली पोचते. मी तिलाच पहिली समजतो. पण ही चूक नेहमी एकाच दिशेची असते. वळसा घालून आलेली लहर सरळ वाटेपेक्षा आधी येऊच शकत नाही, म्हणून अंतर जास्तच दिसतं, कमी कधीच नाही. चोराला फायदा नाही, मालकाला मात्र दार उघडत नाही. उपाय म्हणजे गाडीत जास्त ठिकाणी रेडिओ. चार कोपऱ्यांना चार, आत एक-दोन. एकाला शरीर आड आलं तर दुसऱ्याला दिसेल.

आत्या : आणि ते सहा रेडिओ उभ्या गाडीत कशावर चालणार? बारा व्होल्टच्या बॅटरीवर. लहान गाडीची बॅटरी ४५ अँपिअर-तासांची धर. सगळे मिळून सरासरी वीस मिलिअँप जास्त खाल्ले, तर दिवसाला अर्धा अँपिअर-तास. लोक दिवाळीला तीन आठवडे गावी जातात. दहा अँपिअर-तास गेले. बॅटरी तीन वर्षांची असली तर परत आल्यावर धक्का मारा.

भाचा : म्हणून सहाही एकदम नाही उठवायचे. माणूस सेकंदाला साधारण दीड मीटर चालतो. दहा मीटरवर असताना एकच रेडिओ, सेकंदातून एकदा. तो चार मीटरच्या आत येईपर्यंत मला निदान चार सेकंद मिळतात. मग बाकीचे. शेवटच्या दोन मीटरांत सेकंदाला दहा वेळा. मधल्या मोजण्यांत एखादी तीन मीटरने उडाली तर ती खोटी हे गाळणीला कळतं, कारण माणूस सेकंदाच्या दहाव्या भागात तीन मीटर उडी मारत नाही.

आत्या : मुठीला हात लागल्यावरच मोज ना. हात ही सर्वांत खात्रीची खूण. आणि हात ओळखायला फारसं काही लागत नाही.

भाचा : हात लागल्यावर ब्लूटूथ जोडायचा, ओळख पटवायची, मग मोजायचं, यात अर्धा सेकंद जातो. तोवर माणसाने मूठ दोनदा ओढलेली असते.

आत्या : अर्धा सेकंद थांबेल माणूस.

भाचा : नाही थांबत. हे आम्ही लोकांना वापरायला देऊन पाहिलंय.

इथे दोघंही मागे हटले नाहीत. मला बहिणीचं पटतं. अर्धा सेकंद थांबण्यात काहीही बिघडत नाही. पण पावसात दोन्ही हातांत पिशव्या घेतलेल्या माणसाकडे पाहिलं की मुलाचंही खोटं वाटत नाही.

घराच्या दाराचं कुलूप हा आणखी वेगळा मामला. तिथे कुलूपही सेलवर चालतं, चार पेन्सिल सेलांवर, म्हणजे दोन्ही बाजूंना पिंपच. आणि सोफ्यावर बसलेला मालक दारापासून दीड मीटरवर असतो, पण आतल्या बाजूने. अंतर अचूक कळूनही दार उघडणं चूकच. मुलगा म्हणाला, दाराच्या दोन अंगांना दोन अँटेना हवेत, नाहीतर कोन तरी कळायला हवा. आत्या म्हणाली, माणूस आत आला तेव्हा दार बाहेरून उघडलं होतं हे कुलपाला ठाऊक आहे. मग पुन्हा दार उघडेपर्यंत तो आतच. एवढं लक्षात ठेवायला किती करंट लागतो?

भाचा : गाडीतही हे चालेल. एक्स्प्रेसवेवर घाटात तासभर अडकलो, किल्ली खिशात निश्चल, झोपून गेली. गाडीला वाटेल किल्ली गेली. पण एकही दार उघडलेलं नाही, म्हणजे किल्ली आतच.

आत्या : दार म्हणजे सर्वांत स्वस्त मापक. तुम्ही त्याला विचारतच नाही.

भाचा : विचारू. पण काच खाली करून किल्ली बाहेर दिली तर?

आत्या : मग काच खाली गेली हेही विचार.

दुपार होत आली होती. ब्लूटूथच्या नव्या आवृत्तीबद्दल थोडं बोलणं झालं. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या ब्लूटूथ ६.० मध्ये ७२ पर्यंत वाहिन्यांवर लहरीची कला (फेज) मोजून अंतर काढण्याची सोय आहे. आत्याला ती आवडली, कारण दुसरा रेडिओ लागत नाही. भाचा फारसा खूश नव्हता. ८० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात उसळलेल्या लहरी ५०० इतक्या सुट्या होत नाहीत, आणि नुसती कला चोराला फिरवता येते. म्हणून तिच्या जोडीला वेळेचं मोजमाप ठेवलंय, असं त्याने सांगितलं. मग बहिणीने त्याला कोंडीत पकडलं.

आत्या : आणि तुझं अल्ट्रा-वाइडबँड अभेद्य आहे का?

भाचा : नाही. २०२२ मध्ये झुरिक आणि डार्मश्टाटच्या संशोधकांनी बाजारातल्या फोनच्या चिपला बारा मीटरचं अंतर शून्य भासवून दाखवलं. शंभरातले फार तर चार प्रयत्न लागले, पण लागले. भक्कम ठोके मारून पहिल्या लहरीचा खोटा आभास निर्माण केला होता. चिप अंधूक पहिली लहर शोधायला फार उत्सुक असते, त्याचा फायदा घेतला.

आत्या : म्हणजे शरीराआडची अंधूक लहर पकडायला तू कान टवकारतोस, आणि तेच कान चोराला सापडतात.

भाचा : हो. मालकासाठी जितकं जास्त ऐकू, तितकी फसगत सोपी.

आत्या : मग शंका आली तर दार बंदच ठेव.

भाचा : रात्री साडेअकराला तळघरात एकटी बाई उभी आहे आणि दार बंद. तुझ्या दृष्टीने ती सुरक्षित आहे?

बहीण बराच वेळ बोलली नाही. वीस वर्षं तिने पाण्याच्या मीटरांवर काम केलं. मीटरला शंका आली तर तो आकडा पाठवत नाही, उद्या पाठवतो. दाराला उद्या नसतो.

आत्या : मग शंका आली तर माणसाला विचार. किल्लीवरचं बटण दाब म्हणावं. अंतर नको, इच्छा कळू दे. आणि सेल मेलाच असेल तरी वाट हवी. दादा, किल्ली दे इकडे.

तिने किल्लीच्या कडेची एक बारीक कळ सरकवली. आतून लोखंडी पातं बाहेर आलं. साधी, दात असलेली किल्ली. तीन वर्षं ती माझ्या खिशात होती आणि मला तिचा पत्ता नव्हता. दाराच्या मुठीवरची एक टोपी काढली की खाली तिचं भोक असतं, आणि आत बसल्यावर मेलेली किल्ली गाडीच्या स्टार्ट बटणाला टेकवली की गाडी चुंबकीय क्षेत्रातून तिला जेमतेम ओळख सांगण्यापुरती वीज देते. पुस्तिकेत सगळं लिहिलेलं होतं. गाडी देताना दुकानातल्या मुलाने मला गाणी कशी लावायची ते वीस मिनिटं दाखवलं होतं. हे दाखवायला एक मिनिट पुरलं असतं, आणि ते दाखवणं विक्रेत्यांवर बंधनकारक असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

जेवणाआधी खुंटीचा निकाल लागला. किल्ली पोर्चपासून लांब, स्वयंपाकघरात फ्रिजवर ठेवायची असं ठरलं. मुलगा त्याच्या पिशवीतून स्वतःचा नमुना घेऊन आला : उघडं सर्किट, त्यावर गती ओळखणारी चिप, आणि करंट मोजायचं यंत्र. त्याने तो फ्रिजवर ठेवला. मिनिटभराने आकडा खाली आला. दीड मायक्रोअँप. किल्ली झोपली.

आत्या : कॉम्प्रेसर सुरू झाला की?

भाचा : थरथर होईल थोडी.

आत्या : ती तुझ्या चिपला चाल वाटली तर किल्ली रात्रभर जागी.

भाचा : चालताना सेकंदाला दोन पावलं पडतात. कॉम्प्रेसरची थरथर पन्नासच्या आसपास. वेगळी ओळखता यायला हवी.

आत्या : यायला हवी की येते?

त्याने उत्तर दिलं नाही. पोळ्या निवत होत्या. दोघं फ्रिजला टेकून त्या यंत्राकडे पाहत कॉम्प्रेसर सुरू होण्याची वाट बघत उभे राहिले.